रामटेकभोवतीची गोल वाट: उशीर कुठे पडू द्यायचा?

डोंगर-जंगलातून दिवसभर गोल फिरून निघाल्या जागी परत यायचं, अशा पायी सहलीचा आराखडा करताना बहुतेक मंडळी आधी किलोमीटर मोजतात. त्यानंतर बघण्यासारखी ठिकाणं आणि जेवणाची जागा ठरते. माझ्या मते हे सगळं दुसऱ्या फेरीत बघायचं. आधी विचारायचं ते हे: आपल्याला उशीर होणारच आहे, तर तो वाटेच्या कोणत्या तुकड्यावर येऊन पडेल? विदर्भात या प्रश्नाला फार वजन आहे. इथे ऊन, जंगल आणि शेतातली विजेची तार, तिघांचीही आपापली वेळ ठरलेली असते. हे एका प्रत्यक्ष सहलीवरून मांडते.

मंडळी १४ जण. सगळ्यात लहान १९ वर्षांचा कॉलेजचा मुलगा, सगळ्यात मोठ्या ६७ वर्षांच्या काकू. निम्मी नागपूरची, निम्मी रामटेक-मौद्याकडची. रोज सकाळी चार-पाच किलोमीटर चालणारी, पण सबंध दिवस चाललेली थोडीच. बेत डिसेंबरचा. त्या मुलानं फोनवरच्या नकाशावरून एक गोल काढला होता. रामटेकहून निघायचं, गडाला उजवीकडे ठेवत उत्तरेच्या बाजूनं जंगलातून पूर्वेला खिंडसी तलावावर यायचं, तिथून धानाच्या बांध्यांमधून दक्षिणेला नगरधन आणि नगरधनहून परत रामटेक. एकूण साधारण २६ किलोमीटर. त्यानं मेहनत घेतली होती. प्रत्येक वळणाचा फोटो काढून ठेवला होता. तो आराखडा माझ्याकडे तपासायला आला.

ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रामटेकचा गड म्हणजे एकटा सुळका नाही, घोड्याच्या नालेच्या आकाराची रांग आहे. पश्चिमेच्या टोकावर राममंदिर, पायथ्याला गाव आणि रांगेच्या कुशीत अंबाळा तलाव. पूर्वेला खिंडसीचं मोठं पाणी. दक्षिणेला नगरधनपर्यंत सपाट धानपट्टा. उत्तरेला टेकड्या आणि साग-ऐनाचं जंगल, आणि त्याच्याही पलीकडे पेंच. पेंचचा महाराष्ट्रातला भाग १९९९ साली व्याघ्रप्रकल्प झाला. आपली वाट त्या हद्दीपासून दूर होती, पण हद्द कागदावर असते आणि बिबट काय, वाघ काय, कागद वाचून फिरत नाहीत. जंगलाच्या तुकड्याकडे हे धरूनच बघायला हवं.

तीन तुकडे, तीन स्वभाव

मी आधी गोल मोडून त्याचे तुकडे केले. रामटेक ते खिंडसी, जंगलातून, वळणं धरून १० किलोमीटर. चढ फार नाही, पण पायाखाली दगड आणि सागाची वाळलेली पानं, त्यामुळे थांबे धरून तासाला ३ किलोमीटरच्या वर कुणी जात नाही. खिंडसी ते नगरधन, धुरे म्हणजे शेतांचे बांध, पांदण म्हणजे शेतांमधली गाडीवाट आणि कालव्याचा काठ, ९ किलोमीटर. सपाट आहे, पण झाड नाही. तासाला साडेतीन धरले. नगरधन ते रामटेक ७ किलोमीटर, पक्का रस्ता, तासाला ४.

जंगलाच्या तुकड्याला मध्ये सुटका नाही. एकदा आत शिरलं की पुढे तरी निघायचं किंवा मागे तरी फिरायचं, आणि मध्यावर दोन्ही अंतरं सारखीच. सरळ वाटेवर, म्हणजे जायचं आणि त्याच वाटेनं यायचं अशा सहलीत, थकलेला माणूस कधीही मागे वळू शकतो. गोल वाटेवर मध्य ओलांडला की मागे वळण्याला अर्थ उरत नाही. म्हणून गोल आखताना प्रत्येक तुकड्याला सुटकेची वाट कुठे आहे ते आधी शोधावं लागतं. शेताच्या तुकड्याला गावं लागून आहेत, ऑटो मिळतो. रस्त्याच्या तुकड्याला तर एसटीही आहे. अडचणीचं एकटं जंगल.

आता मुलाचा पहिला आराखडा. सकाळी ७ ला रामटेकहून निघून सव्वासातला जंगलात. डिसेंबरात या भागात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. म्हणजे धुकं निवळायच्या आत, जनावरं अजून फिरती असताना १४ माणसं जंगलात. तिथून पावणेअकराच्या आत खिंडसी, आणि मग सव्वाअकरापासून पुढचे १६ किलोमीटर सगळे उघड्यावर. डिसेंबरचं ऊन मे महिन्यासारखं मारत नाही हे खरं. पण दुपारी कापलेल्या धानाच्या बांध्यांत साठीतल्या माणसानं अडीच तास चालणं आणि पुन्हा डांबरावर दोन तास, हे डिसेंबरातही सोसत नाही. पाणी संपतं, डोकं चढतं, चालणं हळू पडतं.

मग कुणीतरी सहज सुचवलं, गोल उलटा करू. नगरधन सकाळच्या गारव्यात, खिंडसीला जेवण, दुपारचं ऊन जंगलाच्या सावलीत. कागदावर हा सगळ्यात देखणा आराखडा होता. चारच्या सुमारास रामटेक. बहुतेकांनी लगेच होकार दिला.

मला तो मान्य नव्हता, आणि काकूंनाही नव्हता. आमची कारणं वेगळी होती.

काकू म्हणाल्या, "गडाला डावीकडे ठेवून गोल? ही उलटी प्रदक्षिणा झाली. माझ्याच्यानं नाही होणार ते." काहींना हा हट्ट वाटला. मला नाही वाटला. ज्या गडाभोवती फिरायचं तो देवाचा गड आहे, आणि ज्या बाईला दिवसभर चालायचं बळ त्या देवाकडूनच मिळतं तिच्या म्हणण्याला आराखड्यात जागा हवी. चालण्याचं कारण काढून घेतलं तर माणूस दहाव्या किलोमीटरला बसतो.

माझं कारण उशिराचं होतं. उलट्या गोलात जंगल शेवटी येतं. १४ जणांच्या चालीत दिवसभरात तास-दीड तास कुठेही गळतो. कुणाचा बूट चावतो, कुणाला चहा हवा असतो, कुठे रस्ता विचारण्यात वेळ जातो. हा सगळा गळलेला वेळ साठत साठत शेवटच्या तुकड्यावर येऊन पडतो. शेवटचा तुकडा जंगल असेल तर चारचे साडेपाच जंगलात होणार, आणि डिसेंबरात साडेपाचच्या पुढे सूर्य मावळलाच समजा. वर मंडळी सगळ्यात थकलेली असणार तीही तेव्हाच. थकलेला माणूस, मावळती वेळ आणि जिथून बाहेर निघायला वाट नाही असा तुकडा, हे तिन्ही एकाच तासात आणणारा आराखडा कितीही देखणा असला तरी फेकून द्यावा.

दिशा तीच, सुरुवात दुसरी

गोलाला सुरुवात नसते, ती आपण देतो. इतकं साधं आहे हे, पण गाडी जिथे उभी करायची तिथूनच चालायला लागायचं या सवयीनं ते सुचत नाही. दिशा प्रदक्षिणेचीच ठेवली आणि सुरुवात रामटेकवरून उचलून नगरधनला नेली. मग काय होतं बघा. पावणेसातला उजाडता उजाडता नगरधन, ७ किलोमीटरचा उघडा रस्ता गारव्यात आणि रहदारी सुरू व्हायच्या आत. साडेआठला रामटेक, नाश्ता. सव्वानऊला जंगलात, ऊन चांगलं वर आलेलं. साडेबाराच्या थोडं पुढे खिंडसी, जेवण. दीडला शेतांत, चारच्या पुढे नगरधन. ऊन लागतं, पण कलतं. आणि उशीर झालाच तर तो जंगलात पडत नाही, गावांच्या आसपासच्या शिवारात पडतो.

किलोमीटर तेवढेच, चालण्याचे तासही तेवढेच. फक्त प्रत्येक तुकडा त्याच्या वेळेला आला.

नगरधनहून निघण्याला आणखी एक मोल आहे. नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेजनं २०१५ ते २०१८ मध्ये इथे उत्खनन केलं, त्यात राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. याच राणीचा रिद्धपूरला सापडलेला ताम्रपट रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या, स्वामीच्या चरणांपाशी दिलेला आहे. म्हणजे पाचव्या शतकात नंदिवर्धनहून रामगिरीला देवाच्या पायाशी जाणं चालू होतं, आणि आपण सकाळी जो ७ किलोमीटरचा टप्पा चालणार तो त्याच दोन ठिकाणांमधला. काकूंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग तिथूनच निघायला पायजे." गडावरचं दर्शन आदल्या संध्याकाळी करून घ्यायचं ठरलं, म्हणजे चालण्याच्या दिवशी पायऱ्या चढण्यात तास जाणार नव्हता. मुक्काम रामटेकला, सामान तिथेच आणि पहाटे ऑटोनं नगरधन.

जंगलाची परवानगी

राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा त्याहून कडक आहे. पूर्व विदर्भात आणखी एक गुंता असतो, झुडपी जंगलाचा. महसुली कागदावर झुडपी म्हणून लागलेल्या, दिसायला उजाड माळ वाटणाऱ्या जमिनी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या जमिनी वनच असल्याचं ठरवलं. त्यामुळे "इथे झाडच नाही, इथे कोण विचारतं" हे म्हणणं आता तर मुळीच चालत नाही.

आम्ही वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज दिला. त्यात वाटेचा नकाशा, सगळ्यांची नावं, शिरायची आणि निघायची वेळ. अर्जात वेळ लिहिल्याचा फायदा असा की आपली बाहेर पडायची वेळ आपल्याखेरीज आणखी कुणाला तरी माहीत असते. सोबत त्या बीटचा वनरक्षक आणि गावातला एक ढोरकी, म्हणजे गुराखी, आला. ढोरक्याला दिवसाची मजुरी आधी ठरवून दिली. ही गोष्ट मी मोठ्यानं सांगते, कारण कित्येक मंडळी गावातल्या माणसाला वाट दाखवायला नेतात आणि शेवटी हातावर चहाचे पैसे ठेवतात. त्याची ढोरं त्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी राखावी लागतात.

वनरक्षकानं नकाशावर बोट ठेवून दोन जागा बदलल्या. एका नाल्याकाठची वाट सोडायला लावली, कारण तिथे पाणी असतं आणि पाण्यावर जनावर येतं. त्या मुलानं नेमकी ती वाट पाण्यासाठी निवडली होती. माणसाला लागणारं पाणी जंगलात शोधायचं नाही, पाठीवर न्यायचं, हा नियम तिथेच पक्का झाला. माणशी ३ लिटर, रामटेकला पुन्हा भरून.

सावलीचीही एक बाब त्यानं सांगितली. साग उन्हाळ्याकडे पानं टाकतो. डिसेंबरात डोक्यावर सावली आहे, फेब्रुवारी सरता सरता तीच वाट उघडी पडते. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरतात, तो १५ जूनपर्यंत. मग मोहफुलं, मग तेंदूपत्ता. त्या दिवसांत पहाटे जंगलात गावचे लोक पोटासाठी असतात, आणि मोहावर अस्वलंही येतात. तेव्हा आपण हौसेनं मध्ये जाऊ नये. थोडक्यात, धान निघाल्यापासून जानेवारी अखेरपर्यंतच ही वाट चालायची. त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला मोठी गर्दी असते, ते दिवस टाळायचे. तारीख शुक्ल दशमीच्या आसपासची घेतली, म्हणजे मावळतीला चंद्र चांगला वर असतो आणि शेवटच्या तुकड्यावर अंधार पडलाच तर निदान वाट दिसते.

शेतातली वाट

जंगलाला सगळे घाबरतात, शेताला कुणी घाबरत नाही. या आराखड्यात माझा सगळ्यात जास्त वेळ त्या ९ किलोमीटरवर गेला.

वरून काढलेल्या फोटोत धुरा आणि पांदण सारखीच दिसतात. पांदण गावाची, धुरा शेतकऱ्याचा. धुऱ्यावरून जायचं तर विचारून जावं. गावनकाशावर पांदण दाखवलेली असते, तो महाराष्ट्राच्या भूनकाशाच्या संकेतस्थळावर बघता येतो. पण कागदावरची पांदण जमिनीवर उरली आहे का हे तिथल्या माणसालाच ठाऊक. एका ठिकाणी पांदणीत बाभळी आणि रायमुनिया इतकी माजली होती की बैलबंडीही तिथून जायची बंद झाली होती. कालव्याचं तसंच. फोटो उन्हाळ्यात घेतलेला असेल तर कालवा कोरडा दिसतो आणि कुठूनही उतरून पार होऊ असं वाटतं. रब्बीला पाणी सुटलं की पुलाशिवाय पार होता येत नाही, आणि पुलासाठी दीड किलोमीटर वळसा पडू शकतो. त्यामुळे गोल आधी पुलांवरून ओवून घेतला आणि मग पांदणी जोडल्या.

आणि तार. रानडुकरांनी या भागातल्या शेतकऱ्याला रडवलं आहे. हरभरा, लाखोळी, गहू, काही सोडत नाहीत. बरेच जण सौर कुंपण घालतात, ज्याला गावात झटका मशीन म्हणतात. त्याचा करंट थांबून थांबून येतो, माणूस दचकून मागे होतो. पण काही ठिकाणी विजेच्या लाइनीवरून थेट तार टाकली जाते. ते बेकायदा आहे, त्यात डुकरांसोबत वाघ मेले आहेत आणि माणसंही मेली आहेत. ही तार अंधार पडला की टाकतात, पहाटे काढतात. पाहणीच्या वेळी भेटलेल्या एका शेतकऱ्यानं सरळ सांगितलं, "दिवसा खुशाल जा जी. दिवस बुडल्यावर धुऱ्यानं नका जाऊ. कोनं कुठी तार टाकली असन, सांगता नाही येत."

या एका वाक्यानं आराखड्याला वेळेची भिंत मिळाली. उशीर शिवारात पडू द्यायचा असं मी म्हटलं होतं, पण शिवारातसुद्धा तो दिवस बुडेपर्यंतच. म्हणून खिंडसीहून शेताकडे निघायची शेवटची वेळ सव्वादोन ठरवली. सव्वादोनला निघालं तर ९ किलोमीटरला दोन तास पस्तीस मिनिटं, म्हणजे पाचच्या दहा मिनिटं आधी नगरधन, आणि सूर्यास्ताला ४० मिनिटं हातात. सव्वादोननंतर शेतातून जायचं नाही, मग कुणी काहीही म्हणो. तशीच एक वेळ जंगलाला: सव्वादहापर्यंत रामटेकहून आत शिरलो नाही तर जंगल रद्द, अंबाळ्याला जाऊन दिवस तिथेच घालवायचा.

सव्वादोन हुकले तर काय, याचंही उत्तर आधी लिहून ठेवलं. खिंडसीहून पक्क्या रस्त्यानं थेट रामटेक, अंतर थोडं. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी ऑटो सांगून ठेवलेला. गडाची प्रदक्षिणा तशीही पुरी होते, कारण ती रामटेकला सुरू होऊन रामटेकलाच मिळते. नगरधन तेवढं गोलाबाहेर राहतं. मोठ्या गोलाच्या पोटात असा एक लहान गोल असावा, ही गोष्ट मी दरवेळी बघते. काहीतरी अर्धवट सोडल्याची भावना माणसाला धोका पत्करायला लावते. लहान गोल पुरा होत असेल तर सोडणं सोपं जातं.

बायकांच्या लघवीची सोय हा विषय आराखड्यात लिहायला लोकांना संकोच वाटतो. मी तो वेळापत्रकातच लिहिते. धान कापलेल्या ९ किलोमीटरच्या सपाटीत आडोसा नाही, आणि जंगलात एकटं बाजूला जायचं नाही. सोय नाही म्हणून बायका पाणी पीत नाहीत आणि मग दुपारी चक्कर येते. रामटेक, जंगलात वनरक्षकानं दाखवलेली एक मोकळी जागा जिथे दोघी-तिघी मिळून जातील, खिंडसी, आणि शेताच्या मध्यावर ओळखीच्या घरचं अंगण. त्या घरच्या मावशींना आधी विचारून ठेवलं होतं. हे चार थांबे ठरल्यावर पाण्याबद्दल कुणाला सांगावं लागलं नाही.

आग्यामोहळ राहिलंच. उंच झाडांवर आणि जुन्या भिंतींवर त्यांची पोळी असतात. अत्तर नाही, डीओ नाही, विडी-सिगारेट नाही, पोळ्याखाली मोठ्यानं बोलणं नाही. रामटेकच्या माकडांमुळे हातात पिशवी नाही, खाणं पाठीवरच्या बॅगेत बंद. नकाशा छापून दोघांकडे, कारण टेकड्यांच्या खळग्यात फोनला रेंज राहत नाही. वनविभागाचा १९२६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे नंबर त्याच कागदावर.

त्या दिवशी

नगरधनहून ठरल्या वेळी निघालो. रामटेकला मात्र अपेक्षेपेक्षा वेळ गेला. तर्री पोहे आले, दुसऱ्यांदा चहा झाला, एकीच्या बुटाचा तळ सुटला तो बांधून घेतला. जंगलात शिरलो तेव्हा पावणेदहा वाजून गेले होते. सव्वादहाच्या आत होतो, म्हणून पुढे गेलो. वेळेची नोंद ज्यानं पहिला आराखडा काढला त्याच मुलाकडे दिली होती, आणि त्यानं ती चोख ठेवली.

जंगलात तासाभरानं ढोरकी थांबला आणि वर बघून हातानं सगळ्यांना मागे सारलं. ऐनाच्या झाडावर मोहळ होतं, महिन्याभरापूर्वीच्या पाहणीत नव्हतं. वनरक्षकानं वळसा घालून दुसऱ्या वाटेनं काढलं. त्यात अर्धा तास गेला. कुणी कुरकुर केली नाही. खिंडसीला पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. जेवण घाईत करायचं नाही हे ठरलेलं होतं, कारण घाईत जेवून उन्हात चालणं बरं नसतं. उठलो तेव्हा दोन पंचवीस.

इथे जे झालं ते या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. पाय सगळ्यांचे बरे होते. ऊन सौम्य होतं. तरुण मंडळी म्हणाली, दहा मिनिटांनी काय बिघडतं, आम्ही भरभर चालू. हिशेबानं त्यांचं खरंही होतं. दोन पंचवीसला निघून पाचच्या ठोक्याला नगरधन आलं असतं. पण तो हिशेब वाटेत काहीही होणार नाही असं धरून होता, आणि जंगलात नुकतंच काहीतरी होऊन अर्धा तास गेला होता. ४० मिनिटं हातात ठेवली होती ती निघताना खर्च करण्यासाठी नव्हती, वाटेत लागली तर असावीत म्हणून होती. ती निघतानाच मोडली की पुढच्या अडचणीला काही उरत नाही. शिवाय घरी बसून, शांतपणे, तारेचं ऐकून ठरवलेली वेळ होती ती. तलावाकाठी पोट भरल्यावर १४ जणांनी नव्यानं वाद घालायचा तो विषयच नव्हता. मुलानं घड्याळ दाखवलं आणि म्हणाला, "लिहिलंय आपण." संपलं.

नऊ जण रस्त्यानं चालत रामटेकला आले, पाच जण ऑटोनं. काकू चालणाऱ्यांत होत्या. साडेचारच्या आधी गडाच्या पायथ्याशी पोचून त्यांनी तिथूनच हात जोडले.

मागाहून आराखड्यात बदल केले ते असे. नाश्ता आता रामटेकला बसून करायचा नाही. नगरधनला ऑटोतून उतरल्यावर डबा उघडायचा आणि रामटेकला फक्त चहा. यात निदान वीस मिनिटं सुटतात. पाहणी महिनाभर आधी करून भागत नाही, जंगलाचा तुकडा ढोरक्यानं आदल्या आठवड्यात पुन्हा बघायचा, त्याचीही मजुरी खर्चात धरायची. वनरक्षकानं काढलेली वळशाची वाटच आता मुख्य वाट, ती अर्धा किलोमीटर लांब आहे पण नाल्यापासून आणखी दूर जाते. त्यामुळे जंगलाचा तुकडा साडेदहा किलोमीटर धरून सगळ्या वेळा पुन्हा मांडल्या. सव्वादोन तशीच ठेवली आहे. वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यायच्या नव्या अर्जाला हाच नकाशा जोडला आहे. खिंडसी ते नगरधनचे ते ९ किलोमीटर बघायचे राहिलेल्यांनी जानेवारीतल्या शुक्ल पक्षाची तारीख मागितली आहे, आणि काकूंनी आपलं नाव त्यात सगळ्यात आधी लिहिलं आहे.